ठेका कोणाचा?

श्रोतेहो, आपल्या गावच्या जत्रेत, लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत एक गोष्ट आपण खात्रीने ऐकली असेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचलेली असते. तीतून एक गाणे सुरू होते. गाणे ओळखीचे असते, पण ते ओळखीच्या रीतीने पुढे जात नाही. धृपदाची ओळ अर्ध्यावर तुटते. तोच अर्धा तुकडा चार वेळा, आठ वेळा वाजतो. मग क्षणभर सगळे चिडीचूप होते आणि छातीत धडकी भरविणारा ठोका असा पडतो, की पोरे एकदम उड्या मारू लागतात. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे म्हणतात, "गाण्याची पार वाट लावली रे!" पोरे म्हणतात, "रीमिक्स आहे, आबा!"

या रीमिक्सविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. मी मुंबईत परळच्या बाजूला एका कॉलेजात मराठी शिकवितो. आमच्या भागात हे संगीत बारा महिने कानावर असते आणि श्रावण लागला की त्याला भरती येते. लालबाग-परळच्या कारखान्यांतून गणपतीच्या मोठमोठ्या मूर्ती आपापल्या मंडळांकडे निघतात. या मिरवणुकीला हल्ली 'आगमन सोहळा' असे भारदस्त नाव पडले आहे. त्याच सुमारास गणपतीच्या गाण्यांचे, कोळीगीतांचे, लावण्यांचे आणि जुन्या सिनेमातल्या गाण्यांचे नवे रीमिक्स बाहेर पडू लागतात. दिवाळीला अंक निघावेत तसा हा प्रकार. "यंदा कुणाचं काय आलं?" ही चौकशी चाळीचाळींतून चालते, आणि लालबागच्या नाक्यावर जे चालले ते पंधरा दिवसांत आपल्या गावी मोबाईलवरून येऊन पोचते.

हे चांगले की वाईट, याचा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. त्या वादात मी थोडासाच पडणार आहे. मला निराळाच प्रश्न पडतो. ज्या ठेक्यावर एवढी माणसे नाचतात तो ठेका पहिल्यांदा वाजविला कुणी, आणि त्याच्या पदरात काय पडले?

पहिली गोष्ट ही की उसनी चाल घेणे हे काही नवे पाप नव्हे. शाळेच्या कपाटात एखाद्या संगीत नाटकाचे जुने पुस्तक असेल तर काढून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, 'सौभद्र' १८८२ साली. त्यांतल्या पदांच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे भलत्याच एखाद्या पदाचा आरंभ छापलेला आढळेल. म्हणजे हे पद त्या पदाप्रमाणे म्हणावे. कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या चाली अशा रीतीने नाटकात शिरल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पुढे १९११ साली 'मानापमान' मुंबईत रंगभूमीवर आले, त्याला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. त्यांतही गवयांच्या बंदिशी होत्याच, पण नाटकाला चाली देणारा म्हणून एका माणसाचे नाव झाले.

कोकणातल्या श्रोत्यांना तर मी डबलबारीचे भजन सांगायला नको. दोन बुवा समोरासमोर बसतात, आणि सिनेमातली अगदी ताजी चाल घेऊन विठ्ठलाचा किंवा गणपतीचा गजर करतात. बुवाने चाल चोरली, असे कुणी म्हणत नाही. उलट चाल ओळखू आली म्हणूनच मांडव खूश होतो! गिरणीतली पाळी संपवून आलेल्या माणसांनी ही भजने लालबागच्या चाळींतून रात्र-रात्र ऐकली आहेत. तेव्हा 'जुन्यात हात घातला' एवढ्यावरून रीमिक्सवाल्या पोराला गुन्हेगार ठरविणे मला पटत नाही. मात्र नाटकाच्या पुस्तकातला तो 'चाल' हा शब्द लक्षात असू द्या. चाल बांधणाराचे नाव तिथे नसे हे खरे, पण वस्तू कुठून आणली याचा माग तरी राहात असे.

आता हा 'ब्रेकबीट' म्हणजे काय ते पाहू. शब्द इंग्रजी असला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. तमाशात गाणे रंगात आलेले असते. मधेच गाणारी थांबते, तुणतुणे मागे सरते, आणि ढोलकीवाला पुढे येऊन एकटा वाजवू लागतो. हलगीवाला त्याला जाब देतो. त्या दोन-चार मिनिटांत फेटे उडतात. पुष्कळ प्रेक्षक तर त्या मिनिटांसाठीच आलेले असतात. गाणे थांबून नुसता ताल उरतो, ती जी फट, तिलाच अमेरिकेत 'ब्रेक' म्हणतात.

न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा गरिबांचा भाग आहे. तिथे १९७३ सालच्या ऑगस्टच्या ११ तारखेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या बहिणीने भरविलेल्या नाचाच्या कार्यक्रमात तबकड्या वाजविल्या. हा मुलगा मूळचा जमैका बेटावरचा. लोक त्याला कूल हर्क म्हणत. त्याच्या असे ध्यानात आले की गाणे चालू असता लोक नुसते डुलतात, पण मधे ती तालाची फट आली की खरे नाचणारे रिंगणात उतरतात. फट तर जेमतेम काही सेकंदांची! मग त्याने एक युक्ती काढली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या. एकीवरची फट वाजून संपते न संपते तोच दुसरीवर तीच फट लावायची, तेवढ्यात पहिली मागे फिरवून ठेवायची. मोटेवरचा माणूस जसा बैल मागे सारून पुन्हा पुढे हाकतो, तसा हा ताल मागेपुढे करीत राहिला. काही सेकंदांचा ताल पाच-पाच मिनिटे चालू लागला. पुढे सगळ्या जगात पसरलेल्या एका संगीताचे बीज या युक्तीत आहे.

आणि या संगीताचा सर्वांत गाजलेला तुकडा कोणता? १९६९ साली 'द विन्स्टन्स' नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. तिच्या पुढच्या बाजूला 'कलर हिम फादर' हे गाणे होते. ते चांगले गाजले. मागची बाजू रिकामी कशी सोडायची, म्हणून 'आमेन, ब्रदर' नावाची एक नुसत्या वाद्यांची चीज भरली. तीही आधीच्या एका भक्तिगीताच्या चालीवर बेतलेली. तिच्या मध्यावर सगळी वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवाला एकटा चार आवर्तने वाजवितो. एका आवर्तनात चार मात्रा, म्हणजे मिळून सोळा. आपल्या त्रितालाचे एक आवर्तन म्हणा! वेळ सुमारे सात सेकंद. पहिली दोन आवर्तने तो सरळ जातो, पण तिसऱ्यात एक ठोका अर्ध्या मात्रेने उशिरा टाकतो. ऐकणाराचा पाय तिथे अडखळतो, आणि त्या अडखळण्यातच सगळी गोडी आहे. ढोलकीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

त्या सात सेकंदांचे पुढे काय झाले, ते ऐका. सँपलर नावाचे यंत्र निघाले. आवाजाचा तुकडा पोटात साठवून ठेवणारे आणि कळ दाबली की तो बाहेर काढणारे हे यंत्र. मग दोन-दोन तबकड्या फिरवीत बसायचीही गरज उरली नाही. १९९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या पोरांनी कोलमनचा तो तुकडा उचलला, त्याची लय वाढविली, त्याचे ठोके सुटे करून उलटसुलट जोडले, आणि त्यातून 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या नावांचे अख्खे संगीत उभे राहिले. लंडनच्या तलवीन सिंग या तबलजीने असल्याच तालांत आपला तबला मिसळला; त्याच्या 'ओके' या संग्रहाला १९९९ साली इंग्लंडचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. कोलमनचा तो तुकडा आजवर हजारो गाण्यांत वापरला गेला आहे. जाहिरातींत वाजला, सिनेमांत वाजला. आणि ग्रेगरी कोलमन? तो २००६ साली अटलांटा शहरात दारिद्र्यात मेला. त्या सात सेकंदांचा एक छदामही त्याला मिळाला नाही. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याजवळ त्या चिजेचे हक्क होते. त्यालाही पुष्कळ वर्षे काही मिळाले नव्हते. २०१५ साली इंग्लंडमधल्या या संगीताच्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला सुमारे चोवीस हजार पौंड दिले. वर्गणीच ती! तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

आपण म्हणाल, अमेरिकेतल्या ड्रमवाल्याचे गाऱ्हाणे आम्हाला कशाला सांगता? यासाठी सांगतो की हीच गोष्ट आमच्या गिरणगावात घडते आहे, आणि तिचे एक टोक आपल्या गावात आहे.

लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी ही वस्ती वसविली ती कापडगिरण्यांतल्या कामगारांनी. ते आले कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून, नगर-पुण्याकडून. एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांच्या वळकटीबरोबर त्यांची वाद्येही आली. कोकणातून जाखडीचा नाच आणि नमन-खेळ्यांचा मृदंग आला, घाटावरून ढोलकी, हलगी, संबळ आणि ताशा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली 'लाल बावटा कलापथक' काढले, तेव्हा त्यांनीही याच तमाशाच्या ढंगाला कामगारांचे शब्द दिले. एकाच चाळीत चार जिल्ह्यांचे ताल नांदू लागले. पहिले रीमिक्स, म्हणायचे तर, चाळीच्या सज्जातच झाले असेल!

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, भोंगे थांबले, आणि गिरण्यांच्या जमिनीवर उंच इमारती आल्या. परंतु माणसे एकदम गेली नाहीत, आणि वाद्ये तर मुळीच गेली नाहीत. या वस्त्यांत बेंजो पार्ट्या वाजत राहिल्या.

बेंजो पार्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'बेंजो' हे नाव अमेरिकेतल्या बँजोचे, पण वाद्य अगदी निराळे. १९१२ साली जपानात 'ताइशोगोतो' नावाचे एक वाद्य निघाले. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि त्यांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. ते आपल्याकडे येऊन 'बुलबुलतरंग' झाले. त्याला वीज जोडली, आवाज कर्ण्यातून काढला, आणि मुंबईच्या रस्त्याने त्याला बेंजो म्हटले. जपानी वाद्य, अमेरिकन नाव, चाल कोळ्यांची आणि ताशा घाटावरचा! टेंपोवर बेंजोवाला, कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅडवाला, खाली रस्त्यावर ताशे, ढोल आणि झांजा. या पोरांच्या आयुष्यावर रवी जाधवांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला.

यातल्या ऑक्टोपॅडवर जरा थांबू. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० नंतरच्या दशकात हे वाद्य बाजारात आणले. एका फळीवर आठ रबरी गाद्या. काठीने गादी बडवली की तिच्यात जो आवाज नेमून दिला असेल तो निघतो. पहिल्या गादीत ढोल, दुसरीत ताशा, तिसरीत संबळ, चौथीत हलगी. एक माणूस आठ वाजंत्र्यांचे काम करतो. सुपारी घेताना हे फार सोयीचे. आठ माणसांचा हिस्सा, त्यांचा प्रवास, त्यांचे जेवणखाण, सगळे वाचते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो एका पार्टीत ऑक्टोपॅड वाजवी. हात इतका तयार की ऐकत राहावे. मी त्याला एकदा विचारले, "तुझ्या तिसऱ्या गादीतला संबळ कुणाचा?" तो म्हणाला, "कुणीतरी मोबाईलवर पाठवला, सर. लई भारी वाजवलाय."

लई भारी वाजवलाय, यात शंका नाही. पण कोण तो गोंधळी? कुठल्या गावचा? त्याने तो कधी वाजविला, आणि समोर मोबाईल धरलेल्याला त्याने काय म्हणून वाजवून दाखविला? हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, आणि ज्याने पाठविला त्यालाही बहुधा नसावे. एखाद्या जत्रेत घेतलेले ते आठ सेकंद आता लालबागच्या चौकात हजारो लोकांना नाचवितात. आणि तो गोंधळी जिथे असेल तिथे, जागरण-गोंधळाला हल्ली पुरते बोलावणे येत नाही म्हणून मजुरीला जात असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. हलगीची गोष्ट याहून कडू आहे. जे वाद्य वाजविले म्हणून शतकानुशतके ज्या समाजांना वेशीबाहेर ठेवले, त्याच वाद्याचा आवाज आता डीजेच्या भिंतीतून निघतो आणि त्यावर सगळा गाव नाचतो. आवाज वेशीच्या आत आला, वाजविणाराचे नाव मात्र बाहेरच राहिले.

आता रीमिक्स करतात कसे, तेही थोडे सांगतो, म्हणजे या पोरांचे कसब आपल्या ध्यानात येईल. दहा बाय बाराची खोली, एक संगणक, कानाला हेडफोन. गाणे संगणकात घ्यायचे. गाणाराचा आवाज वाद्यांपासून वेगळा काढणारी साधने आता सहज मिळतात. तो वेगळा काढला की लय मोजायची, वाढवायची, खाली नवा ठेका घालायचा. धृपदातला एखादा शब्द उचलून तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. मग एके जागी सगळे काढून घ्यायचे आणि श्वास अडकला की खर्जातला ठोका सोडायचा. हे सांगायला सोपे आहे. नेमके कुठे थांबायचे, हे कळायला कानच लागतो. चांगला रीमिक्स करणारा जुन्या गाण्यात दडलेली फट शोधून काढतो आणि तिथेच राहतो. असे काही रीमिक्स मी ऐकले आहेत. मूळ गाण्यात ताशा किती सुंदर होता हे मला त्यांनीच दाखविले.

पण पुष्कळसे तसे नसतात, हेही सांगितले पाहिजे. सगळ्या भाज्यांत एकच मसाला घालणाऱ्या खाणावळीसारखा तो प्रकार असतो. आपली पुष्कळ कोळीगीते सहा मात्रांच्या झुलत्या लयीत चालतात. होडी लाटेवर वरखाली व्हावी तशी. रीमिक्सवाला त्यांच्याखाली चार सारखे ठोके ठोकतो. होडी रस्त्यावर आणून तिला चाके लावल्यासारखे होते. लावणीच्या ढोलकीतही बोटांचे जे खेळ असतात ते त्या ठोक्याखाली चिरडून जातात.

आणि दुसरे एक घडते. पोरांना विचारा, 'मी डोलकर' हे गाणे कुणाचे? दहांतली आठ सांगतील, "कोळ्यांचं जुनं गाणं." ते शांताबाई शेळक्यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल दिली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी ते गायिले, हे कुणाच्या गावीही नसते. रीमिक्स हातोहात फिरता फिरता वरचा कागद गळून पडतो. मग गाण्यावर 'पारंपरिक' असा शिक्का बसतो. एवढ्या नामवंतांची नावे गळतात, तिथे आपल्या गोंधळ्याची काय कथा?

कायदा काय म्हणतो? आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्यात एक सवलत होती. गाणे पहिल्यांदा मुद्रित झाल्यावर दोन वर्षे उलटली, की मूळ मालकाला सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून तेच गाणे दुसऱ्याला नव्याने मुद्रित करता येई. कॅसेटचा जमाना आला तसा या सवलतीचा मनमुराद उपयोग झाला. जुन्या गाण्यांखाली विजेच्या ढोलांचा खणखणाट भरून 'झंकार' नावाने कॅसेटी निघाल्या. १९७२ सालच्या 'समाधी' या सिनेमात राहुलदेव बर्मन यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेल्या 'कांटा लगा' या गाण्याचा रीमिक्स २००२ साली निघाला आणि देशभर गाजला; त्यावर वादही तेवढाच झाला. अखेर २०१२ साली कायदा बदलला. आता अशा नव्या आवृत्तीसाठी दोनाच्या जागी पाच वर्षे थांबावे लागते, मानधन आगाऊ भरावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे मूळ कृतीत बदल करता येत नाही. त्याहून अधिक तोडमोड करायची तर मालकाची परवानगीच हवी. गल्लीतले किती रीमिक्स अशी परवानगी घेऊन होत असतील, हे मी सांगायला नको.

परंतु या कायद्यात गीतकार आहे, संगीतकार आहे, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी आहे. ठेका वाजविणारा कुठे आहे? तो आहे, पण अगदी कोपऱ्यात. १९९४ साली आणि पुन्हा २०१२ साली 'सादर करणारा कलावंत' म्हणून त्याला काही हक्क दिले गेले. त्याच्या संमतीवाचून त्याचे वादन मुद्रित करून विकता येत नाही. ते त्याने वाजविले आहे असे आपले नाव सांगण्याचाही त्याला हक्क आहे. मोठमोठ्या गायक-वादकांना हे ठाऊक आहे. आपल्या गावच्या संबळवाल्याला, हलगीवाल्याला ते कुणी सांगितले आहे काय? शिवाय जो ठेका पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो कायद्याच्या नजरेने कुणाचाच नाही. कंपनीने तो मुद्रित केला की ते मुद्रण कंपनीचे. मग आपल्याच गावातल्या पोराने आपल्याच गोंधळाचे चित्रण इंटरनेटवर चढविले, तर तिथले आवाज जुळविणारे यंत्र "हे तुमचे नव्हे" असे म्हणू शकते!

नाव राहणे शक्यच नसते, असे मात्र नाही. याला एक फार सुंदर उदाहरण आहे, आणि ते आपल्याच माणसाचे आहे. दत्ताराम वाडकर हे गोव्यातले, जन्म १९२९ चा. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते तालाची बाजू सांभाळीत. पुढे 'अब दिल्ली दूर नहीं', 'परवरिश' अशा सिनेमांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. त्यांनी ढोलकावर बसविलेली एक विशिष्ट चलन वादकांना इतकी आवडली, की तिला 'दत्ताराम ठेका' हेच नाव पडले. दत्ताराम २००७ साली गेले. तरी आजही ध्वनिमुद्रणाच्या वेळी कुणी "दत्ताराम ठेका लाव" म्हटले, की वाजविणाराचे हात आपोआप तिकडे वळतात. ठेका उसना घेतला जातो, दिला जातो, वाकविला जातो; पण घेणारा प्रत्येक वेळी नाव उच्चारून घेतो. नाटकाच्या पुस्तकातला 'चाल' हा शब्द आठवतो का? तोच रिवाज हा.

काही जण म्हणतील, हे सगळे बंदच का करीत नाही? बंदीचा इतिहास आकाशवाणीला चांगला ठाऊक आहे! १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीला आकाशवाणीवर मज्जाव होता. पेटी काही भजनाच्या मांडवातून हलली नाही. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर मंत्री असताना सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली, तर लोकांनी काटा फिरवून सिलोन लावले. १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून ती गाणी पुन्हा घरात घ्यावी लागली. लोकांना ज्यावर नाचायचे असते त्यावर ते नाचतात. आवाजाची गोष्ट निराळी. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत घातलेली आहे, आणि रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवायचे आहेत. सणाचे मोजके दिवस सरकार वगळू शकते, तेही बारापर्यंतच. घरात तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रोगी असलेल्या माणसाला त्या भिंतीपुढे काय सोसावे लागते, ते मी गिरगावातही पाहिले आहे आणि खेड्यातही. तो नियम मोडणारा डीजे असो, ढोल-ताशाचे पथक असो, दोघांनाही तो सारखाच लागू आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी तुमच्याकडे एक काम मागतो. त्याला पैसा लागत नाही. तुमच्या गावात संबळ, हलगी, ढोलकी, सनई, ताशा वाजविणारे जे कुणी असतील, त्यांची यादी सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्या. मग सवडीने एकेकाला शाळेत बोलवा. पाहुणा म्हणून बोलवा. मागच्या दाराने नको, आणि बसायला खुर्ची द्या. मोबाईलवर मुद्रण करण्याआधी त्यांची संमती विचारा, आणि ते नको म्हणाले तर आग्रह धरू नका. मुद्रण सुरू झाले की लगेच वाजवायला सांगू नका. आधी त्यांना स्वतःच्या तोंडाने नाव सांगू द्या, गाव सांगू द्या, वाद्याचे नाव, ठेक्याचे नाव, तो कोणत्या प्रसंगी वाजवितात आणि कुणाकडून शिकलो ते सांगू द्या. तारीख मुलांपैकी कुणीतरी मोठ्याने उच्चारावी. हे बोलणे आणि वाजविणे एकाच मुद्रणात राहील असे पाहा. दोन तुकडे केलेत तर नावाचा तुकडा पहिल्यांदा हरवतो. एक प्रत शाळेत ठेवा, एक वाजविणाराच्या घरी द्या. त्याच्या घरात मोबाईल असलेला मुलगा किंवा नातू बहुधा असतोच. आणि उद्या लालबागच्या एखाद्या पोराने तो ठेका मागितला, तर त्याला त्या नातवाचाच नंबर द्या.